कादंबरी सुचवताना विषय नव्हे, सांगणारा बघा

प्रश्न असा आहे: आवडत्या कादंबऱ्या कोणत्या, त्या वाचकांना का भिडतात आणि कुणाला कोणती सुचवावी? नुसती यादी दिली तर ती जपून ठेवली जाते, वाचली जात नाही. म्हणून आधी शेवटच्या भागाचं उत्तर देतो. नावं ओघात येतील.

पुस्तक सुचवताना बहुतेक जण विषय बघतात. गावाकडच्या माणसाला ग्रामीण कादंबरी, कॉलेजातल्या पोराला होस्टेलची, इतिहासाची आवड असेल तर पेशव्यांची. कधी जमतंही. पण जमलं नाही की का जमलं नाही ते कळत नाही, कारण वाचकाला विषय धरून ठेवत नाही, सांगणारा धरून ठेवतो. कोण बोलतंय, त्याला किती माहीत आहे, तो काय झाकतोय, आणि एका प्रसंगावर किती वेळ थांबतोय, या चार गोष्टींवर कादंबरी वाचून होते किंवा राहते. तेव्हा सुचवायचं ते निवेदन जुळवून. विषय मागाहून आपोआप जुळतो, किंवा नाही जुळला तरी काही बिघडत नाही.

समोरच्याला तीन गोष्टी विचारा. पहिली: शेवटची पूर्ण वाचलेली कादंबरी कोणती? 'आवडती कोणती' असं विचारू नका. त्यावर लोक घरंदाज नाव सांगतात, बऱ्याचदा पंधरा वर्षांपूर्वी वाचलेलं. दुसरी: अर्धवट सोडलेली कोणती, आणि साधारण कुठे सोडली? खरी माहिती इथे मिळते. पहिल्या तीसेक पानांत सोडली असेल तर अडचण भाषेची किंवा नावांच्या गर्दीची होती. मध्यावर सोडली तर लय जमली नाही, म्हणजे लेखक रेंगाळला किंवा वाचकाला सलग वेळ मिळाला नाही. शेवटची पन्नास पानं उरली असताना सोडली, तर एक तर पुढचं सगळं दिसायला लागलं होतं, नाहीतर वाचक त्या शेवटाला घाबरला. घाबरलेला वाचक चांगला वाचक असतो. त्याला हलकंफुलकं देऊ नका, छोटं द्या. तिसरी: वाचायला वेळ कधी आणि सलग किती मिळतो? रोज वीस मिनिटं मिळणाऱ्याला लांबलचक प्रकरणांची कादंबरी दिली तर तो रोज मागची चार पानं पुन्हा वाचत बसतो आणि आठवड्याभरात कंटाळतो.

वाचनाची सवय तुटलेला माणूस सर्वांत जास्त भेटतो, आणि त्याच्या बाबतीतच सर्वांत जास्त चुका होतात. त्याला 'एकदा तरी वाचायलाच हवी' अशी सातशे पानी कादंबरी दिली जाते. त्याला लागते दीडशे पानांच्या आतली, एकाच निवेदकाची, सरळ काळात पुढे जाणारी गोष्ट. माझी पहिली निवड व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955). एक तरुण मास्तर धनगरांच्या छोट्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, एवढंच. पण तो बाहेरून आलाय. वस्ती त्याला जितकी कळते तितकीच आपल्याला कळते, त्याच वेगाने. त्यामुळे माणसांची ओळख करून घेण्याचे कष्ट वाचकाला पडत नाहीत. आज कारभारी भेटतो, उद्या आयबू. वाक्यं आखूड आहेत, विशेषणं मोजकी. लेखक कुणाची बाजू घेत नाही, हळहळत नाही. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं मरायला लागतात आणि माणसं वस्ती सोडून निघतात, तेव्हाही तो आवाज चढवत नाही. तोपर्यंत ही माणसं आपल्या ओळखीची झालेली असतात, म्हणून हळहळण्याचं काम वाचकाकडे येतं. ही कादंबरी अनेकांना जन्मभर लक्षात राहते ती यामुळे. मेंढरांशी आपला संबंध किती आला हा मुद्दाच नाही.

याच पानसंख्येत दुसरी निवड अर्नेस्ट हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' (1952). पु. ल. देशपांड्यांनी तिचा मराठी अनुवाद 'एका कोळियाने' या नावाने केलाय. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा पंच्याऐंशीव्या दिवशी खोल समुद्रात जातो. तिच्याबद्दल बोलताना लोक जिद्द, पराभव वगैरे शब्द काढतात आणि तिथेच नवा वाचक पळतो. त्याला सांगायचं ते असं: म्हातारा चार गळ चार वेगवेगळ्या खोलींवर सोडतो, चाळीस, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), आणि दोऱ्या सरळ ठेवण्यात त्याचा हातखंडा आहे. दोरीने हात कसा कापला जातो, डाव्या हाताला कसा पेटका येतो, कच्चा मासा चावून ताकद कशी टिकवायची, हे इतकं नेमकं लिहिलंय की आपण काम शिकतोय असं वाटतं. स्वतःचं काम हातांनी आणि नीट करणाऱ्या माणसांना, मग ते सुतार असोत की शल्यविशारद, ही कादंबरी पहिल्या बैठकीत पकडते. तत्त्वज्ञान ऐकून आलेल्यांना मात्र ती 'एक म्हातारा आणि एक मासा, पुढे काय?' अशी वाटते.

तिसरी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939). युरोपातून निघालेल्या बोटीवर हिंदुस्थानात परतणारा चक्रधर आणि नाझींपासून जीव वाचवून निघालेली ज्यू तरुणी हॅर्टा. बोट किनाऱ्याला लागली की ताटातूट, हे पहिल्यापासून ठरलेलं. अशा बांधलेल्या मुदतीची गोष्ट मन विचलित असलेल्या वाचकालाही पुढे ओढते. पान उलटणं आणि दिवस कमी होणं एकच होऊन बसतं. शेवट कुणालाही सांगू नका, मलपृष्ठावरचा मजकूरही वाचू देऊ नका.

आता जरा सरावलेल्या वाचकाबद्दल. 'अंगावर येईल असं काहीतरी द्या' असं तो म्हणतो, आणि लोक त्याला रक्ताची, हिंसेची पुस्तकं देतात. अंगावर येतं ते वेगळंच. निवेदकाला स्वतःबद्दल जे कळत नाही ते वाचकाला कळत जातं, त्या फटीतून ते येतं. उत्तम नमुना काझुओ इशिगुरोंच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'चा (1989). स्टीव्हन्स हा एका मोठ्या इंग्लिश घराण्याचा बटलर. 1923मध्ये मालकाच्या घरी परदेशी पाहुण्यांची महत्त्वाची परिषद भरलीय आणि त्याच रात्री वरच्या खोलीत त्याचे वडील मरताहेत. तो खाली पाहुण्यांना मद्य देत फिरत राहतो. तो कुठेही म्हणत नाही की मला रडू येत होतं. ते आपल्याला कळतं मालकाच्या तोंडून. मालक विचारतो की तू रडतोयस की काय, आणि स्टीव्हन्स दिवसभराच्या दगदगीचं कारण देऊन माफी मागतो. पुढे कैक वर्षांनी त्या रात्रीकडे तो अभिमानाने बघतो, कारण सेवेत कुठे कसूर झाली नाही. वाचकाला मात्र त्या अभिमानाची किंमत दिसत असते. निवेदकाने टाळलेलं रडणं वाचकाच्या वाट्याला येतं.

ही कादंबरी नोकरीत मुरलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या वाचकांना विशेष लागते. विशीतल्या वाचकाला ती संथ वाटण्याची शक्यता मोठी. त्याला हीच फट वेगात हवी असेल तर दस्तयेव्स्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' (1866) द्या. तिच्याबद्दल एक गैरसमज असा की ती खुनाचा तपास आहे. सहा भागांतल्या पहिल्याच भागाच्या शेवटी खून होतो आणि कुणी केला ते आपल्या डोळ्यांदेखत. खरी करामत त्यानंतरच्या दोन-तीन पानांत आहे. रास्कोलनिकोव आत आहे, दोन मृतदेह पडलेत आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय, खेचून बघतंय. आतली कडी हलतेय. त्या वेळी वाचकाला काय हवं असतं? खुनी निसटावा. आपण कुणाच्या बाजूने श्वास रोखला होता हे लक्षात येतं तेव्हा वाचक त्या माणसाला बांधला गेलेला असतो. पुढची चारशे पानं त्या एका प्रसंगाच्या बळावर चालतात.

रशियन कादंबऱ्या सुटतात त्या खोलपणामुळे नव्हे, नावांमुळे. एकच माणूस कधी रास्कोलनिकोव, कधी रोदियॉन रोमानोविच, कधी रोद्या. पहिलं आडनाव, दुसरं नाव अधिक वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, तिसरं घरचं लाडकं नाव. हे एवढं आधी सांगितलं आणि पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवून प्रत्येक माणसाची तिन्ही नावं लिहायला सांगितली तर निम्मी गळती थांबते. गाब्रिएल गार्सिया मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'ला (1967) वेगळा उपाय लागतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तीच नावं फिरतात, एकाच बापाचे सतरा मुलगे आउरेलियानो नावाचे आहेत. पुस्तकात वंशवृक्ष छापलेला असला तरी वाचकाने स्वतःचा काढावा, जसा जन्म होईल तसा. छापील वृक्ष आधी बघितला तर कोण कुणाशी लग्न करणार ते फुटतं.

'कोसला' (1963) सुचवणं हा स्वतंत्र विषय आहे. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी कॉलेजच्या वयात हातात आली तर डोक्यावर बसते आणि उतरत नाही. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर पंचविशीचा आहे. शिकायला शहरात गेलेला, बापाचे पैसे उडवणारा, कशातच राम न दिसणारा. वाचक त्याच्यात स्वतःला बघतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पोरं आधी त्या बोलण्यावर भाळतात. वाक्य सुरू गंभीर होतं आणि शेवटी फजिती होते, स्वतःचीच. ही थट्टा किती दिवस चालेल असं वाटत असताना धाकटी बहीण मनी मरते, आणि तेच बोलणं दुःखापुढे उघडं पडतं. इतका वेळ जी थट्टा खोडी वाटत होती ती बचाव होती, हे तिथे समजतं. मागची सगळी पानं त्या एका प्रसंगाने बदलतात. म्हणून ज्याने शंभरेक पानांवर 'नुसता टवाळपणा आहे' म्हणून ठेवून दिली, त्याला एवढंच सांगावं की मनीचा भाग येईपर्यंत थांब. तिथे पोचूनही नाही आवडली तर खुशाल सोड. चाळिशीनंतर पहिल्यांदा 'कोसला' वाचणाऱ्यांना पांडुरंगापेक्षा त्याचा बाप जास्त कळतो असं दिसतं. तेही वाचन चुकीचं नाही.

बोलीतल्या कादंबऱ्यांकडे पुष्कळ वाचक दुरूनच बघतात, आणि त्यांचं नुकसान होतं. आनंद यादवांची 'गोतावळा' (1971) अख्खी नारबा या शेतगड्याच्या तोंडून, त्याच्या बोलीत येते. त्याला बायको-पोरं नाहीत, मळ्यातली जनावरं हाच गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणायचं ठरवतो आणि एकेक जनावर जायला लागतं. हीच गोष्ट प्रमाण मराठीत लिहिली असती तर ती ट्रॅक्टरवरची तक्रार झाली असती. नारबाच्या भाषेत जनावर आणि माणूस यांच्यासाठी वेगळी मोजमापंच नाहीत, त्यामुळे बैल विकला जाणं म्हणजे घरातलं माणूस जाणं हे पटवून द्यावं लागत नाही. रा. रं. बोराड्यांच्या 'पाचोळा'त (1971) मराठवाड्याची बोली आणि सांगणारी एका शिंप्याची बायको. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (1960) वऱ्हाडी, आणि मध्यभागी कौतिक, परिस्थितीशी शेवटपर्यंत झुंजणारी. या तिन्ही कादंबऱ्यांना एकच उपाय: पहिली दहा-पंधरा पानं मोठ्याने वाचा. डोळ्यांना अडणारा शब्द कानाला अडत नाही. अनोळखी शब्दासाठी कोश उघडू नका, पुढच्या दोन वाक्यांत अर्थ लागतो. विसाव्या पानाच्या आसपास कान बसतो आणि मग वेग येतो. तिन्ही लागोपाठ मात्र वाचू नका. तीन वेगळ्या बोली एकमेकींत मिसळतात, आणि एवढं सलग दुःख वाचून मन बधिर होतं. तसं झालं की तिसऱ्या पुस्तकावर अन्याय होतो.

पौराणिक-ऐतिहासिक कादंबऱ्यांवर नाक मुरडायची एक फॅशन आहे. मला ती पटत नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (1967) किती घरांत वाचनाची सुरुवात करून दिली हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचं तंत्र सुचवणाऱ्याने समजून घ्यावं. शेवट वाचकाला आधीपासून माहीत असतो, त्यामुळे 'पुढे काय' हा प्रश्न गळून पडतो आणि 'हे त्याला कधी कळणार' हा उरतो. कुंतीला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, कर्णाला नाही. नऊ भाग, सहा निवेदक, त्यांत चार वेळा खुद्द कर्ण. तोच माणूस आईच्या, मित्राच्या, बायकोच्या, भावाच्या आणि शेवटी कृष्णाच्या नजरेतून. अडचण येते ती अलंकारिक भाषेची. सलग दोनशे पानं वाचली की उपमांचा थकवा येतो. निवेदक बदलला की पुस्तक खाली ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उचलायचं, एवढं पथ्य पुरतं. ज्याला कर्ण फारच चढला असेल त्याच्या हातात पुढे इरावती कर्व्यांचं 'युगान्त' द्या. कादंबरी नव्हे ती, लेख आहेत, पण त्याच माणसांकडे कोरड्या डोळ्यांनी कसं बघता येतं ते दिसतं. त्यानंतर कन्नड लेखक भैरप्पांची 'पर्व', उमा कुलकर्णींच्या अनुवादात. या क्रमाने गेलं तर एकाच कथेचे तीन स्वभाव कळतात. उलट्या क्रमाने गेलं तर 'मृत्युंजय' वाचवत नाही.

रणजित देसाईंची 'स्वामी' (1962) आणि वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959) यांतली निवड सोपी आहे. नात्यातलं मार्दव हवं असेल तर 'स्वामी'तले माधवराव पेशवे आणि रमा. माणूस स्वतःच्या हावेला कसा समर्थनं पुरवतो हे बघायचं असेल तर 'ययाति', जिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात.

एकच घटना दोघांनी सांगितलेली ज्यांना आवडते त्यांच्यासाठी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (2006). भाऊ आणि बहीण, दोघांचंही एकाच भाडेकरू तरुणावर प्रेम. आधी भाऊ बोलतो, मग बहिणीची डायरी. छोटी आहे. पहिला अर्धा भाग संपल्यावर थांबू नका, त्याच बैठकीत दुसरा सुरू करा. पहिल्यातले तपशील ताजे असतील तरच दुसऱ्यातली मौनं ऐकू येतात.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) सुचवताना एक सूचना द्यावीच लागते. पंचवीसपैकी पहिल्या तेरा प्रकरणांत 'गोरे कधी येणार' म्हणून वाट पाहू नका. ओकोंक्वोचं गाव, त्याचे सण, भांडणं, न्यायनिवाडे, त्याचा तापटपणा हे सगळं सावकाश बसवून घ्या. लेखकाने एका समाजाची घडी इतकी तपशिलात का दाखवली, याचं उत्तर शेवटच्या पानावर सांगणाऱ्याची नजर बदलते तेव्हा मिळतं. घाईने चाळलेल्या वाचकाला ते पान सपाट वाटतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सुचवताना कथानक सांगू नये, आणि 'रडशील बघ' हे तर मुळीच नाही. ऐकणारा प्रत्येक पानावर रडू शोधत बसतो. एक वाक्य पुरतं: कोण सांगतंय आणि कुठल्या कोंडीत आहे. एका वेळी एकच पुस्तक द्या, फार तर दोन, त्यातही एक छोटं. पाच नावं दिली की माणूस पाचही लिहून घेतो आणि एकही आणत नाही. अनुवाद देणार असाल तर आधी दोन अनुवादांतलं तेच पहिलं पान शेजारी ठेवून वाचा, संवाद मोठ्याने म्हणून बघा. माणसं बोलताहेत असं वाटलं तो घ्या. संक्षिप्त आवृत्ती शक्यतो टाळा. त्यात घटना उरतात आणि सांगणाऱ्याची चाल जाते, म्हणजे ज्यासाठी पुस्तक सुचवलं तेच कापलेलं. वयस्कर वाचकासाठी टाइप किती मोठा आहे ते बघा. बारीक टाइपामुळे सोडलेल्या कादंबरीला पुष्कळदा 'कंटाळवाणी' हे कारण दिलं जातं.

घरात नुकता मृत्यू झालेल्या माणसाला मृत्यूवरची कादंबरी 'बरं वाटेल' म्हणून देण्याचा मोह टाळा. पहिले काही महिने तिथे लांबची, नीट बांधलेली आणि प्रश्न सुटून संपणारी गोष्ट लागते. एखादी रहस्यकथा उत्तम. अगाथा ख्रिस्तींच्या 'अँड देन देअर वेअर नन'मधली (1939) बेटावर अडकलेली दहा माणसं एकेक करून मरतात, तरी ते मरण वाचकाच्या दुःखाला हात लावत नाही, कारण तिथे सगळं कोड्याच्या हिशेबाने चालतं. स्वतःच्या दुःखाजवळचं पुस्तक माणूस आपणहून मागतो. मागेल तेव्हा 'बनगरवाडी' किंवा 'द रिमेन्स ऑफ द डे' द्या, 'धग' नको.

पुस्तक परत आलं की 'कसं वाटलं?' विचारू नका, 'छान होतं' एवढंच उत्तर मिळतं. कुठलं माणूस डोक्यात राहिलं ते विचारा. नाव आठवलं नाही पण 'तो म्हातारा', 'ती शिंप्याची बायको' असं आलं, तर त्याच जातीचा सांगणारा असलेलं पुढचं पुस्तक काढा. घटनाच आठवत असतील तर पुढच्या खेपेला वेगवान कादंबरी द्या. काहीच आठवत नसेल तर खूण कुठल्या पानावर अडकलीय ते बघा आणि त्या पानापासून मागे पाच पानं स्वतः वाचून काढा. गाडी नेमकी कुठे अडली ते तिथे सापडतं.